दिवेलागणीची गोळी

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. पण नुसतं 'हे' आणि 'यांना' लिहीत बसले तर वाचणारा विचारील, हे म्हणजे कोण? म्हणून एकदाच सांगून टाकते. गुरुपाद. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर यांचं किराणा दुकान, आणि दुकानाला लागून पंच्याण्णव साली टाकलेला एसटीडीचा बूथ. मी शिवगंगा, लातूरची. मॅट्रिक झाले आणि त्याच वर्षी या घरात आले. जिभेला धार माहेरूनच आणली होती, उगाच सासरला दोष देत नाही.

सांगायचंय ते यांच्या डोक्याबद्दल. डोकं म्हणजे अक्कल नव्हे, तिच्यासाठी वेगळी वही घालावी लागेल. मी सांगतेय ते दुखण्याबद्दल.

दसरा झाला की आठवड्याच्या आत ते यायचं. रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी. दीडला नाही, दोनला नाही. आमच्या स्टेशनातली गाडी दोन-दोन तास उशिरा आलेली मी पाहिली आहे, पण या दुखण्यानं कधी पाच मिनिटं इकडची तिकडं केली नाहीत. यांना झोप लागून दीड-पावणेदोन तास झाले की हे ताडकन उठून बसायचे. उजव्या डोळ्याच्या मागं दुखायचं. हे म्हणायचे, कुणीतरी आतून दाभण घालून पोतं शिवतंय. डोळा लालभडक, पापणी खाली ओघळलेली, त्याच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद. डावी बाजू मात्र ठणठणीत. पडून राहणं जमायचंच नाही. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात नुसत्या येरझारा, आणि मधूनच भिंतीवर डोकं आपटणं. तास-सव्वा तासानं आलं तसं निघून जायचं, आणि सकाळी हाच माणूस तागडी धरून दुकानात उभा.

आधी हे एक वर्षाआड यायचं आणि महिना-दीड महिन्यात सरायचं. बूथ टाकल्यापासून दरवर्षी यायला लागलं आणि संक्रांतीपर्यंत ठाण मांडून बसायला लागलं. चार वर्षं यांनी दिवाळीचा फराळ धड खाल्ला नाही. एरवी एकट्याने डबा संपवणारा माणूस.

उपाय करायचे काही राहिले नाहीत. ज्याला त्याला ही अर्धशिशीच वाटायची, म्हणून सूर्य उगवायच्या आत जिलेबी आणि दूध. त्यानं यांचं वजन तेवढं वाढलं. नेकनूरच्या कुणीतरी नाकात पिळायला पाला दिला, त्यानं चांगली नाकपुडीही बंद झाली. एका दातवाल्यानं तर उजव्या बाजूच्या दोन चांगल्या दाढा उपटून हातात दिल्या. दुखणं डोळ्यात आणि भुर्दंड दाढांना. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

त्यात समोरचा बंकट. त्याचं चहाचं हॉटेल आमच्या दारासमोरच, आणि तो झोपायचाही तिथंच. रात्री दोन वाजता लाल डोळ्यांनी झोकांड्या खात फिरणारे गुरुपादशेट त्यानं पाहिले आणि सकाळी पहिल्या चहाबरोबर गावाला बातमी दिली की शेट घ्यायला लागले. आम्ही लिंगायत, यांच्या गळ्यात इष्टलिंग, आमच्या सात पिढ्यांत कुणी बाटलीला शिवलं नाही. मी जाऊन बंकटला चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं की वास घ्यायला तू किती जवळ आला होतास? तो कपबशा विसळायला लागला, पण बातमी एकदा सुटली की ती काय परत येते होय?

पण लोकांच्या बोलण्यानं माणूस मरत नाही. मला भीती दुसरीच होती. सत्त्याण्णवच्या कार्तिकात एका रात्री हे परसातल्या आडाच्या कठड्याला धरून उभे होते. मी पाठीमागं कंदील घेऊन. वळले नाहीत, आवाज चढवला नाही. लातूरहून साखरेचं पोतं आलं असं सांगावं तसं म्हणाले, "शिवगंगे, हे असंच चाललं तर एक दिस म्या ह्याच्यात जाईन."

ओरडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते साधं बोलले म्हणून मला ते खरं वाटलं. दोन दिवसांत मी सटवा लोहाराला बोलावून आडावर लोखंडी जाळीचं झाकण बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. विचारेल त्याला सांगितलं, मांजर पडलं होतं. किल्ली दिवसा माझ्या पदराला, रात्री मुठीत. घरात आम्ही दोघंच. मुलगी प्रणिता चौसाळ्याला दिलेली. त्या दिवसापासून माझं एकच काम होतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हा माणूस जिवंत ठेवायचा.

त्याच वर्षी हे कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेला गेले होते. तिथं यांनी मन्मथस्वामींच्या समाधीपुढं नेम घेतला की यापुढं जे औषध घेईन ते इष्टलिंगाची पूजा करून, तीर्थ घेऊन मगच घेईन. उपटलेल्या दाढांचं प्रायश्चित्त बहुतेक. पूजेशिवाय तोंडात घोटभर चहाही घालायचा नाही हा नेम तर घराण्यातच होता. हा नेम लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच अडलं.

अठ्ठ्याण्णवचा दसरा झाला, दुखणं आलं, आणि मी यांना ओढत अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं, यांच्यासारखाच जागणारा. इतक्या वर्षांत कुणी विचारला नाही तो प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला. दुखायला लागल्यावर पडून राहता की फिरता? फिरतो म्हटल्यावर त्यानं मान वर केली. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडून राहतो म्हणाला. जो बसू शकत नाही, ज्याचं घड्याळ लावून येतं, ज्याचा एकच डोळा रडतो, त्याचं दुखणं वेगळं. त्याला क्लस्टर म्हणतात, झुपक्याझुपक्यानं येतं. दुखण्याला नाव आहे एवढं ऐकूनच हे अर्धे बरे झाले. मग त्यानं यांना एक रात्र ठेवून घेतलं. एक चाळीसला तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन सोडला आणि पंधरा मिनिटांत दुखणं गेलं. हे रडले. पण घाटनांदूरला रात्री पावणेदोनला ऑक्सिजन कुठून आणायचा? रोजच्या गोळ्या दिल्या, तर पाय सुजले आणि नाडी इतकी मंद झाली की त्यानंच त्या बंद केल्या.

शेवटी म्हणाला, एक आहे, पण हमी देत नाही. मेलाटोनिन म्हणून गोळी आहे. परदेशात या दुखण्याच्या दहा जणांना देऊन पाहिली, पाच जणांना गुण आला, पाच जणांना काहीच नाही. आपल्याकडे हाताशी मिळायची नाही, तिकडं कुणी असेल तर मागवा. दिवेलागणीला घ्यायची, रोज, न चुकता.

तिकडं माझा भाचा होता, भावाचा मुलगा संगमेश्वर. दोन हजार साल आलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, त्यांना वाचवायला म्हणून अमेरिकेत गेलेला. दर रविवारी तो आमच्याच बूथवर फोन करायचा. मी सांगितलं तर हसला. म्हणाला, "आत्या, ती गोळी हितं किराणा दुकानात मिळती. डाळ-तांदळाच्या बाजूला ठिवलेली असती." यांना ते ऐकून गोळीबद्दल आदर वाटला. तरी यांनी फोन हातात घेऊन विचारलंच की ती कुठल्या जनावराच्या अंगातून तर काढत नाहीत ना. आठ दिवसांनी भाच्यानं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, कारखान्यात बनवलेली, मांसाचा स्पर्श नाही. मग पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून बाटली आली. पांढऱ्या, मुगाएवढ्या गोळ्या, रोज तीन.

आता माझा शहाणपणा ऐका. गोळी पूजेनंतरच घ्यायची हा यांचा नेम. सासरे होते तेव्हा पूजा दोन वेळा व्हायची, सकाळी आणि दिवेलागणीला. हेही करायचे. पण बूथ आल्यापासून संध्याकाळची पूजा सुटली होती. संध्याकाळी सातपासून फोनचे दर उतरायला लागायचे आणि रात्री अकरानंतर पावपट व्हायचे, म्हणून अख्खं गाव रात्रीच बोलायला यायचं. पुण्याला पोरगा, मुंबईला भाऊ, कुणाची मुलगी बाळंत झाली. बूथसमोर बाकावर रांग. हे काचेच्या बाजूला बसून मीटरवरचे लाल आकडे बघणार, बारा-बारापर्यंत. दिवेलागणीला पूजा नाही, मग गोळी कशी घ्यायची? मी म्हटलं, गोळी ती गोळी, पोटात गेली म्हणजे झालं. डॉक्टरला काय माहीत आमच्या घरचा नेम. रोज सकाळी बेल, भस्म आणि तीर्थाच्या पंचपात्रीशेजारी मी तीन गोळ्या मांडून ठेवायला लागले. हे त्यांना हात जोडायचे आणि गिळायचे.

दहा वाजेपर्यंत हे गादीवर पेंगायला लागले. तूरडाळ मागणाऱ्याला रवा बांधून दिला. एका बाईनं पैसे पुढं केले तर हे डोळे मिटून तिला आशीर्वाद दिल्यासारखे बसून राहिले. समोर बंकट म्हणाला, आता शेट दिवसाबी घ्यायला लागले. आणि रात्री दुखणं येईच, वर पहाटे साडेचारला दुसरं. आठ दिवसांत यांचा चेहरा ओळखू येईना. मी मनातल्या मनात अमेरिकेला, भाच्याला आणि त्या डॉक्टरला एका माळेत ओवून शिव्या दिल्या. स्वतःला शिवी द्यायची बुद्धी काही मला झाली नाही.

दहाव्या रात्री मी झोपले.

हे मला आजही लिहवत नाही. महिनाभर मी रोज यांच्या मागं जागत होते. त्या रात्री पहिलं दुखणं सरलं, हे अंथरुणावर टेकले, मी भिंतीला पाठ लावून बसले, किल्ली मुठीत धरली, आणि कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा कावळे बोलत होते आणि यांचं अंथरूण रिकामं होतं. परसापर्यंतची बारा पावलं मी कशी गेले मला आठवत नाही. हे आडाला पाठ लावून खाली मातीत बसले होते, डोक्याला मफलर करकचून बांधलेला, उजवा डोळा सुजून मिटलेला. कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली माझ्या मुठीतच होती, तळहातावर तिचे दात उमटले होते. मी तिथंच खाली बसले. ज्या एका रात्री जागायला हवं होतं त्या रात्री मी झोपले, ही लाज मला गिळत होती.  हे एवढंच म्हणाले, पाणी तापव, आंघोळ करतो.

त्या सकाळी मी पंचपात्रीशेजारी गोळ्या ठेवल्या नाहीत. बाटली पिशवीत टाकली आणि एकटीच अंबाजोगाईच्या बसमध्ये बसले. डॉक्टरच्या टेबलावर ती आपटणार होते आणि वर दोन शब्द सुनावणार होते.

आधी मी दहा दिवसांची हकीकत सांगितली, ती त्यानं ऐकून घेतली. मग विचारलं, "गोळी कधी देता?"

"सकाळी. पूजा झाल्यावर. एक दिवस चुकवली न्हाई."

मी हे अभिमानानं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, रात्री ते कुठं असतात? मी म्हटलं बूथमध्ये. उजेड किती असतो? मी म्हटलं दोन ट्यूबलाइट, आणि काचेची खोली असल्यानं त्या चार वाटतात. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं स्वतःच्या कपाळाकडं बोट नेलं, जिथं आम्ही भस्म लावतो तिथं. "याच्या खूप आत, मेंदूच्या मधोमध, तुरीच्या डाळीएवढी एक गाठ असते. दिवस मावळला, डोळ्यांना अंधार दिसला की ती हे मेलाटोनिन रक्तात सोडते. उजेड असला की सोडत नाही. त्यावरून शरीराला कळतं, आता रात्र झाली. या दुखण्याच्या माणसात त्या दिवसांमध्ये ते रात्री कमी पडतं, असं दिसलंय. ही गोळी डोकं दुखायची गोळी नाही, बाई. ही शरीराला रात्र झाल्याचा निरोप देणारी गोळी आहे. तुम्ही रोज सकाळी त्यांना सांगत होता रात्र झाली, आणि रोज रात्री ट्यूबलाइट सांगत होत्या दिवस आहे."

मी त्याला सुनावायला आणलेले दोन शब्द तसेच परत घेऊन निघाले. जाताना त्यानं पुन्हा बजावलं, गोळीनं गुण येईलच असं नाही, आणि बूथमुळंच दुखणं वाढलं असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण देताय तर दिवेलागणीला द्या, आणि त्यांना अंधार द्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार करत राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा घाटनांदूरला रात्र आठ वाजता व्हायची. शेवटची गाडी गेली की कुत्रीसुद्धा गप्प. मग दिवे आले, टीव्ही आला, केबल आली, आमचा बूथ आला. दूरचा माणूस जवळ आला, हे काही वाईट नव्हे. माझाच भाचा सातासमुद्रापलीकडून मला आत्या म्हणत होता. पण पावपट दरासाठी आम्ही गावाची रात्र जागवली, आणि ती कुणाच्या अंगातून वजा झाली याची कुणी चौकशी केली नाही. यांचे वडील दिवेलागणीला दुकानाची फळी लावून पूजेला बसायचे. आम्हाला वाटायचं तो देवाचा नेम आहे. तो शरीराचाही असेल हे कुणाला ठाऊक? आणि मी नेम पाळायच्या नादात नेमाचा अर्धा भाग तोडून टाकला होता, संध्याकाळचा. माझ्या हातानं मी या माणसाला रोज आडाकडं ढकलत होते. बसमध्ये तोंडात पदर घालून मी रडले. शेजारची बाई विचारायला लागली, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, अजून कुणी नाही.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं, माझी चूक पहिल्यांदा. हे माझ्यावर रागावले नाहीत. पण संध्याकाळी बूथ सोडून पूजेला बसा म्हटल्यावर अडले. पंचक्रोशीतला तो पहिला बूथ. लोक लांबून भरवशावर येतात, दारातून परत कसे पाठवायचे? दिवे लावायच्या वेळी दुकान बंद केलं तर लोक म्हणतील शेट खचले. 

मी म्हटलं, "बूथवर म्या बसते."

"तू? रातच्या बाराला? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतेत तुमी पिता. आता म्हणतील बायकू बसवली. काय फरक पडणार हाय?"

हे हसले. त्या मोसमात पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवसापासून दिवस बुडाला की हे दुकानातून उठून घरात यायचे. हातपाय धुवून सोवळं नेसायचे, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचे. समईच्या उजेडात पूजा, तीर्थ, मग तीन गोळ्या. जेवण झालं की माजघरात अंथरूण. खिडकीला मी गोणपाट ठोकलं, रस्त्यावरचा दिवाही आत येऊ नये म्हणून. आणि मी पदर खोचून बूथमध्ये. पहिल्या रात्री बाकावरची माणसं मला बघून गोंधळली. दोन जण बोलायचं सोडून घरी गेले. तिसऱ्या रात्री बंकट आला, पुण्याच्या मुलीला फोन लावायला. पाच मिनिटं बोलून बाहेर आला आणि विचारलं, शेट झोपले का? मी म्हटलं झोपले. त्यानं मान हलवली आणि जाऊन स्वतःच्या हॉटेलावरचा मोठा दिवा बंद केला, तो आमच्या दारावर पडायचा. त्या दिवसापासून बंकटवरचा माझा राग थोडा उतरला.

गुण लगेच आला नाही. पहिले चार दिवस दुखणं एक चाळीसला हजर. पाचव्या दिवशी आलं, पण वीस मिनिटांत गेलं. साडेचारचं बंद झालं. नवव्या रात्री मी बारा वाजता बूथ बंद करून आले आणि नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून बसले, किल्ली मुठीत. दीड वाजला. एक चाळीस झाले. यांनी कूस बदलली आणि मी उठायच्या तयारीत गुडघा टेकला. हे घोरायला लागले. मी पुढं होऊन यांच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. अडीच वाजेपर्यंत मी तशीच बसले. हा माणूस किती घोरतो हे मी विसरून गेले होते. एरवी भांडण काढलं असतं.

त्या वर्षी दुखणं परत आलं नाही. गोळीनं गेलं, अंधारानं गेलं, की त्याचाच हंगाम लवकर सरला, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तो म्हणाला तुम्ही बहुतेक त्या पाचांतले. बहुतेकवर आम्ही समाधान मानलं.

संक्रांतीच्या सकाळी हे पूजा आटपून परसात आले. मी आडाचं कुलूप काढून पाणी शेंदत होते. घागर भरली, मी झाकण लावून कुलूप घालायला लागले, तर हे म्हणाले, "राहू दे आता उघडं."

मी म्हटलं, मांजर पडंल.

"मांजर कधी पडलं न्हवतं, मला ठावं हाय." हे कठड्यावर टेकले आणि म्हणाले, "शिवगंगे, त्या रातीला म्या किल्ली शोधली. तू झोपलीस त्या रातीला."

मी कुलूप खाली ठेवलं.

"उशाखाली बघितलं, पदराला बघितलं. मग दिसली, तुझ्या मुठीत. मूठ उघडायला बसलो तुझ्याजवळ. एक बोट उचललं असंल. तू घोरत हुतीस. महिनाभरात तुला झोपल्यालं बघितलं न्हवतं. म्हणलं, मूठ उघडली तर हिची झोप मोडंल. नको. आजची रात झोपू दे हिला. म्हणून जाऊन नुसता बसलो आडापाशी."

एवढं बोलून यांनी भरलेली घागर उचलली आणि आत नेली. मी तिथंच उभी राहिले. ज्या झोपेची दोन महिने मला लाज वाटत होती, तिनंच हा माणूस राखला होता. मी जागून राखतेय असं मला वाटत होतं.

किल्ली मी खुंटीला अडकवली. झाकण उघडं ठेवलं. त्या दुपारी हे दुकानात गेल्यावर मी माजघरात, गोणपाटाच्या अंधारात, यांच्याच अंथरुणावर आडवी झाले. संध्याकाळी वाण घेऊन बायका आल्या तर हे दारात उभे राहून त्यांना म्हणाले, आत जाऊ नका, ती झोपलीय. हे मला शेजारणीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.